डॉ. हाफकिन आणि ५३-एन क्रमांकाची बाटली

आपल्यापैकी ज्यांचे लहानपण मुंबईत गेले त्यांना परळची हाफकिन इन्स्टिट्यूट नावाने तरी ठाऊक असतेच. सापाचे विष काढून त्यावर औषध तयार करतात ती जागा, एवढी तिची ओळख बहुतेकांना असते. परंतु ज्यांचे नाव या संस्थेला दिले आहे ते डॉ. वाल्डेमार मोर्देखाय हाफकिन हे यहुदी होते आणि आपल्या यहुदी धर्मासाठी त्यांनी प्राध्यापकपदावर पाणी सोडले होते. त्यांनी मुंबईत प्लेगची लस शोधली, आणि त्याच लसीपायी पाच वर्षे त्यांच्या नावाला काळिमा लागला. ही हकीकत आपल्या समाजात फार थोड्यांना माहीत आहे. मी सारी उमर नर्सचे काम केले. त्यामुळे हा इतिहास वाचताना माझे लक्ष शोधाइतकेच एका साध्या चिमट्याकडे जाते. त्या चिमट्याची गोष्ट पुढे येईलच.

ओदेसा ते पॅरिस

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी रशियाच्या साम्राज्यातील ओदेसा शहरी झाला. तेथील विद्यापीठात प्रख्यात शास्त्रज्ञ इल्या मेच्निकोव्ह यांच्या हाताखाली ते प्राणिशास्त्र शिकले. १८८१ साली झार दुसरा अलेक्झांडर याचा खून झाला आणि त्याचे निमित्त करून दक्षिण रशियात यहुदी लोकांच्या घरांवर व दुकानांवर हल्ले सुरू झाले. ओदेसाच्या यहुदी तरुणांनी आपल्या वस्तीच्या रक्षणासाठी जी टोळी उभी केली, तीत हाफकिन होते. त्यात ते जखमी झाले आणि पकडलेही गेले. मेच्निकोव्ह यांनी शब्द टाकला म्हणून त्यांची सुटका झाली.

पुढे पदवी मिळाली, अभ्यासाचे कौतुकही झाले, पण प्राध्यापक व्हायचे तर रशियन चर्चचा बाप्तिस्मा घ्यावा लागेल असे सांगण्यात आले. हाफकिन यांनी नकार दिला व प्राणिशास्त्राच्या संग्रहालयात साध्या जागेवर काम करीत राहिले. १८८८ साली ते जिनिव्हाला गेले आणि १८८९ मध्ये पॅरिसला पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये आले. तेथे मेच्निकोव्ह आधीच पोहोचले होते. शास्त्रज्ञाची जागा रिकामी नव्हती, म्हणून या विद्वान माणसाने ग्रंथालयात सहायकाची नोकरी पत्करली आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत काम केले.

त्या काळी पटकीच्या साथी देशोदेशी फिरत होत्या. पटकीचे जंतू एका गिनीपिगमधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असे नेत हाफकिन यांनी त्यांचा जोर वाढविला आणि त्यापासून लस केली. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. ताप आला, अंग दुखले आणि काही दिवसांत ते बरे झाले. मगच त्यांनी ती दुसऱ्यांना दिली.

कलकत्त्याच्या वस्तीत

मार्च १८९३ मध्ये हाफकिन कलकत्त्यास उतरले. लोकांना सुईची भीती आणि डॉक्टरांना परक्या माणसाचा संशय, अशी स्थिती होती. कलकत्त्याच्या काट्टल बागान या गरीब वस्तीत १८९४ साली पटकी आली. तेथील सुमारे २०० रहिवाशांपैकी ११६ जणांनी टोचून घेतले. पुढे जे रोगी निघाले ते सगळे न टोचलेल्यांपैकी होते. ही बातमी वस्त्यावस्त्यांतून पसरली आणि लोक आपण होऊन येऊ लागले. या कामात बंगाली डॉक्टरांनी त्यांना मोठी साथ दिली. १८९५ च्या अखेरीपर्यंत त्यांनी ४० हजारांहून अधिक माणसांना लस टोचली होती. मात्र मलेरियाने ते स्वतः खंगले आणि काही काळ त्यांना विलायतेस जावे लागले.

मांडवीत प्लेग

सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मुंबईत प्लेगचे निदान केले. रोग प्रथम दिसला तो मांडवीत, बंदराजवळच्या धान्याच्या वखारींच्या भागात. मांडवी म्हणजे आपल्या बेने इस्राएल समाजाचा जुना मोहल्ला. सॅम्युएल दिवेकर यांनी १७९६ साली बांधलेली आपली पहिली मशीद, शाआर हारहमीम, याच मांडवीत सॅम्युएल स्ट्रीटवर आहे. म्हणजे साथ सुरू झाली ती आपल्या दारातच. पुढच्या काही महिन्यांत जवळजवळ निम्मे शहर रिकामे झाले. ज्याला कोकणात घर होते त्याने कोकणची वाट धरली.

सरकारने हाफकिन यांना बोलावले. ७ ऑक्टोबर १८९६ रोजी ते मुंबईत पोहोचले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना जी जागा मिळाली तिला प्रयोगशाळा म्हणणे कठीण होते. एक खोली, बाहेरचा पडवीसारखा भाग, एक कारकून आणि तीन शिपाई, एवढाच सरंजाम. तेथे त्यांनी मांसाच्या अर्कात प्लेगचे जंतू वाढविले. जंतू चांगले वाढावेत म्हणून त्या अर्कावर तुपाचे थेंब सोडण्याची युक्ती त्यांनी काढली. तुपाच्या थेंबाला धरून जंतूंची वाढ खाली लोंबू लागे. आपल्या स्वयंपाकघरातले तूप असे प्रयोगशाळेत कामी आले! नंतर ते जंतू उष्णतेने मारले जात आणि मेलेल्या जंतूंची लस तयार होई.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लसही आधी स्वतःला टोचून घेतली, आणि तीही पुढे लोकांना देत त्यापेक्षा बरीच मोठी मात्रा. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा तेथील कैद्यांपैकी सुमारे निम्म्यांनी स्वखुशीने टोचून घेतले. त्यांच्यात रोग फार कमी झाला.

लोकांचा विश्वास बसावा म्हणून काही मोठी माणसे पुढे आली. तरुण आगाखान यांनी स्वतः टोचून घेतले, खोजा समाजातील हजारो लोकांना तयार केले आणि प्रयोगशाळेसाठी आपली खुसरू लॉज ही इमारत दिली. सासून घराण्यातील फ्लोरा सासून यांनीही लोकांची भीती जावी म्हणून लस घेतली. आगाखान व हाफकिन यांच्या स्नेहाची आणखी एक गोष्ट येथे राहणाऱ्या आपल्या वाचकांना ऐकण्यासारखी आहे. पॅलेस्टाइनमध्ये यहुदी लोकांना वसू द्यावे अशी योजना हाफकिन यांनी आगाखानांपुढे मांडली आणि ती त्यांच्यामार्फत तुर्कस्तानच्या सुलतानापर्यंत गेली. सुलतानाने ती नाकारली.

हे सर्व चालले असताना पुण्यात दुसरेच वातावरण होते. शिपायांनी घराघरांत शिरावे, रोगी व निरोगी दोघांनाही छावणीत न्यावे, यामुळे लोक चिडले. २२ जून १८९७ रोजी प्लेग कमिशनर रँड यांच्यावर चाफेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. त्याआधी मार्चमध्ये सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता स्वतः त्या रोगाने गेल्या. तिला नर्सची पदवी कोणी दिली नव्हती, पण आम्हा नर्सेसना ती आमचीच वाटते. साथीत सक्तीने काय होते आणि मायेने काय होते, ही दोन्ही उदाहरणे त्या एका वर्षात एकाच शहरात पाहावयास मिळाली.

उंधेऱ्याचा हिशेब

हाफकिन यांचे मोठेपण नुसती लस शोधण्यात नाही. लसीचा उपयोग होतो की नाही हे मोजावे कसे, हेही त्यांनी दाखवून दिले. याचे उत्तम उदाहरण बडोद्याजवळच्या उंधेरा गावचे आहे. फेब्रुवारी १८९८ मध्ये तेथे प्लेग असताना त्यांनी प्रत्येक घरातील साधारण निम्म्या माणसांना लस दिली व निम्म्यांना दिली नाही. एकाच छपराखाली राहणारी, एकच अन्न खाणारी माणसे! त्यामुळे फरक पडला तर तो लसीमुळेच, हे उघड होणार होते. पुढे ज्या २८ घरांत रोग आला त्यांत ७१ माणसे टोचलेली होती. त्यांपैकी ८ आजारी पडली व ३ दगावली. न टोचलेली ६४ होती. त्यांपैकी २७ आजारी पडली व २६ दगावली.

हे आकडे सावकाश वाचावेत. लस घेतलेल्यांपैकीही तिघे गेले, हे हाफकिन यांनी लपविले नाही. लस म्हणजे जादू नव्हे. तिने ताप येई, हात सुजे आणि तिचा उपयोगही कायमचा नसे. पण २६ आणि ३ यांतील फरक पाहिला की कोणत्याही आईला काय करावे हे समजेल. आज असा प्रयोग माणसांना नीट समजावून, त्यांची संमती घेतल्याशिवाय करता येत नाही, आणि तेच योग्य आहे.

१० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेगची प्रयोगशाळा सुरू झाली. जेथे गव्हर्नरच्या मेजवान्या होत तेथे लसीच्या बाटल्या भरू लागल्या. हाफकिन तिचे प्रमुख झाले.

मुल्कोवालची बाटली

१९०२ साली पंजाबात प्लेगचा कहर झाला आणि लसीची मागणी एकदम वाढली. ती पुरी करण्यासाठी हाफकिन यांनी लस लवकर तयार होईल अशी नवी पद्धत घेतली. तीत पूर्वीप्रमाणे कार्बोलिक ॲसिड घालीत नसत. जंतू मारण्याचे काम उष्णतेवर सोपविले होते. पॅरिसमध्येही कार्बोलिकशिवाय लस होत होती.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावी १०७ लोकांना पाच बाटल्यांतून लस टोचली. त्यांपैकी ५३-एन क्रमांकाच्या एका बाटलीतून १९ जणांना टोचले होते. आठवडाभराने त्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि १९ च्या १९ मेले. इतर चार बाटल्यांतील लस घेतलेल्यांपैकी कोणालाही काही झाले नाही.

सरकारने चौकशी समिती नेमली. बाटली मुल्कोवालला उघडण्यापूर्वीच, म्हणजे परळलाच, तीत धनुर्वाताचे जंतू गेले असावेत असे तिचे मत पडले. कार्बोलिक वगळल्याचा ठपका हाफकिन यांच्यावर आला. त्यांना कामावरून दूर करण्यात आले आणि १९०४ साली ते हिंदुस्थान सोडून गेले. ज्या माणसाने आधी स्वतःला टोचून घेतल्याशिवाय दुसऱ्याला सुई लावली नाही, तो १९ जणांचा जीव घेणारा ठरला.

आता तो चिमटा. मुल्कोवालला बाटलीचे बूच काढणाऱ्या मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. त्याने तो नुसता कार्बोलिकच्या पाण्यात बुचकळला आणि त्याच चिमट्याने बूच काढले. ही साक्ष चौकशीच्या कागदांतच होती. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, गुरांच्या शेणात असतात, आणि त्यांचे बीज इतके चिवट असते की कार्बोलिकच्या पाण्यात बुडवून ते मरत नाही. पडलेले औजार पुन्हा निर्जंतुक केल्याशिवाय वापरायचे नाही, हा धडा आम्हाला नर्सिंगच्या पहिल्या वर्षी शिकवीत. हा धडा किती महाग पडलेला आहे ते मात्र तेव्हा कोणी सांगितले नाही.

हे कागद प्रसिद्ध व्हायला फार उशीर लागला. मग मलेरियाचा डास शोधणारे नोबेल विजेते रोनाल्ड रॉस यांनी लेखणी उचलली. त्यांचा युक्तिवाद साधा होता. बाटली परळहून निघून बरेच आठवडे झाले होते. एवढ्या काळात जंतू आत वाढत असते तर उघडताच लसीला घाण वास आला असता. तसा वास आला नाही. शिवाय विष आधीच तयार असते तर रोग लवकर दिसला असता, आठ दिवस लागले नसते. म्हणजे जंतू गेले ते बूच काढताना. जुलै १९०७ मध्ये रॉस, सिम्प्सन, अमेरिकेचे फ्लेक्सनर अशा दहा शास्त्रज्ञांच्या सहीचे पत्र लंडनच्या टाइम्समध्ये छापून आले. नोव्हेंबर १९०७ मध्ये सरकारने हाफकिन यांना पुन्हा नोकरीत घेतले. काही लेखकांनी या प्रकरणाला छोटे ड्रेफस प्रकरण म्हटले आहे.

परंतु परळ त्यांना परत मिळाले नाही. कलकत्त्यास छोट्या प्रयोगशाळेत त्यांनी उरलेली वर्षे काढली आणि १९१४ मध्ये ते निवृत्त झाले. पुढे ते युरोपात राहिले. धर्माचे नियम निष्ठेने पाळीत. १९१६ साली त्यांनी धर्मनिष्ठ यहुदी जीवनाची बाजू मांडणारा लेख लिहिला. पूर्व युरोपातील येशिवांसाठी त्यांनी आपली पुंजी ठेवली, आणि तेथे धर्माबरोबर शास्त्र व हुन्नरही शिकवावा अशी त्यांची इच्छा होती. परळच्या संस्थेला १९२५ साली त्यांचे नाव देण्यात आले. ते पाहायला ते जिवंत होते, एवढे समाधान. २६ ऑक्टोबर १९३० रोजी लोझान येथे त्यांचा अंत झाला. लग्न त्यांनी केले नव्हते. भारत सरकारने १९६४ साली त्यांचे तिकीट काढले. त्यांचे कागदपत्र येथे यरुशलेममध्ये जपून ठेवलेले आहेत.

माझ्या मते या हकीकतीतून घेण्यासारखी गोष्ट ही की, दुर्घटना झाली म्हणजे कोणाला धरावे हे आधी ठरवू नये. ती नेमकी कोठे झाली, कोणत्या क्षणी, कोणाच्या हातात काय होते, हे आधी शोधावे. चौकशी समितीने माणूस आधी धरला, चिमटा मागे राहिला. यात हाफकिन यांचे नुकसान झाले, पण त्याहून मोठे नुकसान लोकांचे झाले. लसीवरचा विश्वास उडाला, आणि त्यानंतरच्या वर्षांत हिंदुस्थानात प्लेगने लाखो माणसे नेली. त्या १९ जणांनाही खरा न्याय मिळाला नाही, कारण त्यांच्या मरणाचे खरे कारण पाच वर्षे दडून राहिले.

आज आपल्या समाजातील किती तरी मुली व मुलगे दिमोना, बेर-शेवा, अश्दोद येथील इस्पितळांतून काम करीत आहेत. नातवंडांना टोचण्यासाठी तिपत खलावमध्ये नेताना काहींच्या मनात शंका येतात, २०२१ साली कोरोनाच्या लसीच्या वेळीही आल्या. शंका विचारावी, अवश्य विचारावी. उत्तर मात्र उंधेऱ्याच्या हिशेबासारखे मागावे, म्हणजे किती जणांना दिले, किती आजारी पडले, किती बरे झाले.

वाचकांना एक विनंती आहे. प्लेगच्या दिवसांत मांडवी सोडून अलिबाग, पेण, रेवदंड्याकडे गेलेल्या आपल्या पूर्वजांच्या आठवणी ज्या घरांत आजी-आजोबांच्या तोंडून ऐकलेल्या असतील, त्यांनी त्या लिहून ठेवाव्यात. ऐकलेले सांगणारेही आता आपल्यात थोडेच उरले आहेत.