स्वाराची बायको, शिंप्याची लावणी

बूट काढा आणि बसा खाली मातीत. सतरंजी पाटलांसाठी आहे. नाशिकहून बैलगाडीत हाडं खिळखिळी करत, सिन्नर ओलांडून तुम्ही वावीला पोचलाय. उतरती पेशवाई. ज्येष्ठ लागलाय, पावसाचा पत्ता नाही. रात्र झाली तरी जमीन खालून भाजतेय. चहा मागू नका, तो इथे कुणाला ठाऊकच नाही. घागरीतलं कोमट पाणी मिळेल.

नाकाला जरा सवय होऊ द्या. टेंभ्यांचं जळकं तेल, घोड्यांची लीद, तंबाखू आणि घाम. दसऱ्याला सीमोल्लंघन करून मुलूखगिरीवर गेलेले स्वार पावसाआधी घरी परतलेत, ते सगळे इथेच लोटलेत. शेजारचा मिशीवाला तुमच्यावर अर्धा रेललाय. सरकू नका, जागा जाईल.

डफ कडाडतो. तुणतुण्याची तार कानात शिरते, झीलकरी मागून सूर ओढतात. नऊवारीत ‘ती’ येते. घुंगरांच्या ठेक्यासरशी उडालेली धूळ तुमच्या दातांखाली करकरते. आता नीट निरखून बघा: काजळ घामानं ओघळलंय आणि वरच्या ओठावर नुकती मिसरूड खरवडल्याची हिरवट रेघ आहे. नाच्या पोऱ्या आहे तो.

तिकडे विलायतेच्या बंदरांत नवरा करावा तर खलाशीच, अशी गाणी बायांच्या तोंडी असतात म्हणे. वावीला समुद्र कुठला? इथे मिरवायचा नवरा म्हणजे स्वार. पोऱ्या त्याचं पागोटं वाखाणतो, घोडी वाखाणतो, भाला वाखाणतो; आणि पुढच्याच कडव्यात पदर तोंडाला लावून विनवतो, यंदा स्वारीवर जाऊ नका हो! गर्दी हुंकारते. मिशीवाला खुशीत तुमच्या बरगडीत कोपर मारतो आणि कनवटीची दिडकी फेकतो. का नाही फेकणार? वर्णन त्याचंच, दादही त्याचीच. तुम्ही काय फेकता म्हणून तुमच्याकडेही बघतोय. तुमचा मोबाईल इथे चालत नाही.

आणि त्याची खरी बायको? चार घरं पलीकडे. कुळवंत बाईनं फडाकडे फिरकायचं नसतं. पहाटे ती जात्यावर बसेल तेव्हा नवऱ्याबद्दलचं तिचं मत ओवीतून निघेल. तोवर तुम्ही परतीच्या गाडीत असाल आणि हा घोरत पडलेला.

लावणी संपताना कान द्या. शेवटच्या कडव्यात कर्त्याचं नाव गुंफलेलं असतं: परशराम. याच गावचा, धंद्यानं शिंपी. जिच्या तोंडी अख्खी लावणी घातलीय, तिचं नाव मात्र कुठल्याच कडव्यात नाही.