झडपांचा रोग, त्याची नावे आणि मृत्यूंची कोष्टके

हृदयाच्या झडपांच्या रोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण निरनिराळ्या समाजांत निरनिराळे असते, ही गोष्ट शंभराहून अधिक वर्षे कोष्टकांच्या आधारे सांगितली जात आहे. प्रस्तुत लेखकास वैद्यकाचा अधिकार नाही. परंतु कोष्टकातील प्रत्येक आकडा कोणत्या तरी शब्दाखाली लिहिलेला असतो, आणि तो शब्द कोणी, कशावरून व कोणत्या अर्थाने योजला हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकाच्या प्रांतातील आहे. समाजासमाजांतील ही भिन्नता बऱ्याच अंशी खरी आहे, याविषयी शंका नाही. तथापि तिच्यातील रोगाची भिन्नता कोणती आणि नावाची कोणती, हे वेगळे केल्यावाचून तिचा इतिहास नीट उलगडत नाही.

झडपा निकामी करणाऱ्या रोगांत जगभर दीर्घकाळ अग्रस्थानी राहिलेला रोग म्हणजे संधिवाती ज्वरातून उद्भवणारा हृद्रोग. बालपणी विशिष्ट जातीच्या स्ट्रेप्टोकोकस जंतूंमुळे घसा येतो, दोनतीन आठवड्यांनी ताप येऊन सांधे सुजतात, आणि काही मुलांत हृदयाच्या झडपांना कायमची इजा होते. इंग्रजीतील 'ऱ्हुमॅटिक' हे विशेषण ज्या ग्रीक शब्दावरून आले त्याचा अर्थ 'प्रवाह'. मस्तकातून दूषित रस खाली झिरपतो, ही जुनी कल्पना त्यामागे आहे. गियोम द बायू या फ्रेंच वैद्याने ते नाव सांध्यांच्या रोगास लावले. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६४२ मध्ये प्रसिद्ध झाला. हृदयाचा संबंध ध्यानात येण्यास आणखी दीड शतक जावे लागले. लंडनचे डेव्हिड पिटकेर्न हे १७८८ च्या सुमारास तो आपल्या विद्यार्थ्यांना सांगत असत. विल्यम चार्ल्स वेल्स यांनी १८१२ मध्ये त्यावर निबंध लिहिला आणि शोधाचे श्रेय पिटकेर्न यांना दिले. १८३६ नंतर पॅरिसच्या बुइयो यांनी सांधे व हृदय यांचे हे साहचर्य नियमाच्या रूपाने मांडले. हा क्रम महत्त्वाचा आहे. नाव आधी सांध्यांना मिळाले आणि हृदय त्या नावात मागाहून शिरले. मारतो तो हृदयाचा विकार. ओळख मात्र सांध्यांची राहिली.

या नावाने युरोपी वैद्यांची दृष्टी कशी घडविली, ते हिंदुस्थानात स्पष्ट दिसते. कलकत्त्यातील शवविच्छेदनांच्या नोंदी तपासून लिओनार्ड रॉजर्स यांनी १९१० मध्ये जे लेखन केले, त्यात बंगालमध्ये हा हृद्रोग विरळ असल्याचे मत होते. रॉजर्स हे साधे निरीक्षक नव्हते. कलकत्त्याची उष्णकटिबंधीय वैद्यकाची संस्था त्यांच्याच खटपटीने उभी राहिली. पुढे १९३० मध्ये जे. टी. क्लार्क यांनी संधिवाती ज्वराच्या भौगोलिक प्रसाराविषयी लेख लिहून हा रोग उष्ण कटिबंधात जवळजवळ नाहीच, असे प्रतिपादन केले. थंड आणि दमट हवा हे त्याचे कारण, असा समज तेव्हा रूढ होता, आणि हे मत त्या समजाशी जुळणारे असल्याने ते पाठ्यपुस्तकांत सहज स्थिरावले.

वस्तुस्थिती निराळी होती. आपल्याकडे झडपा बिघडलेल्या कित्येक रुग्णांना सांधे सुजल्याचे आठवतच नाही. मुलाच्या अंगात कसर होती, पाय दुखत होते, एवढेच आईस स्मरते. रुग्ण वैद्यापुढे येतो तो फार पुढच्या अवस्थेत, आणि त्या अवस्थेची नावे भाषेत वेगळी आहेत. धाप लागते म्हणून 'दमा', अंगावर पाणी चढते म्हणून 'सूज', पोट फुगते म्हणून 'उदर'. सुजलेले सांधे शोधणाऱ्या डॉक्टरास ते सापडत नसत. आणि धापेचे नाव सांगणाऱ्या नातेवाइकास त्या धापेचे मूळ दहा वर्षांपूर्वीच्या घशात असेल, अशी कल्पना असण्याचे कारण नव्हते.

मुंबई इलाख्यात खेड्यातील जन्ममृत्यूंची नोंद गावकामगारांकडे, बहुधा पाटलाकडे असे. मृत्यूच्या कारणांचे रकाने मोजके: पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण व आमांश, श्वसनाचे रोग, अपघात, आणि उरलेले सर्व 'इतर'. त्यांत हृदयास स्थान नव्हते. विसाव्या वर्षी द्विदल झडप आकुंचन पावून मेलेली सून त्या वहीत 'ताप' किंवा 'श्वसनाचे रोग' याखाली जाणार, फार तर 'इतर'मध्ये. पाटलास दोष देण्याचे कारण नाही; रकाने त्याने आखलेले नव्हते. विल्यम फार यांनी इंग्लंडच्या मृत्युनोंदींसाठी रोगांच्या नावांची शिस्त लावण्याचा आग्रह १८३९ मध्येच धरला होता, आणि जाक बेर्तियों यांची आंतरराष्ट्रीय नामावली १८९३ मध्ये मांडली गेली होती. परंतु ही शिस्त जेथे डॉक्टर दाखला लिहितो तेथेच लागू पडणारी होती. अशा वह्यांवरून 'हिंदी लोकांत हृद्रोग नाही' असा निष्कर्ष काढणे म्हणजे ज्या कोशात एखादा शब्द घेतलाच नाही, त्या कोशावरून तो शब्द भाषेत नाही असे ठरविण्यासारखे होय.

क्लार्क यांच्या लेखाच्या आगेमागेच पंजाबातील डॉक्टर विरुद्ध पुरावा मांडू लागले. मद्रासकडे पी. कुटुंबय्या यांनी १९४१ मध्ये बालकांतील व किशोरांतील या रोगावर लिहिले. प्राचीन भारतीय वैद्यकावरील इंग्रजी ग्रंथाचे कर्ते म्हणून आमच्या विषयाच्या वाचकांस परिचित असलेले कुटुंबय्या ते हेच. १९६२ मध्ये डॉ. एस. पद्मावती यांनी भारतातील या हृद्रोगाच्या प्रसाराचा आढावा अमेरिकी नियतकालिकात प्रसिद्ध केला. १९६३ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील सुजॉय रॉय आणि त्यांचे सहकारी यांनी 'लॅन्सेट'मध्ये विसाव्या वर्षाच्या आतच द्विदल झडप अतिशय आकुंचित झालेल्या भारतीय रुग्णांचे वर्णन केले. पाश्चात्त्य ग्रंथांप्रमाणे ज्वरानंतर झडप एवढी आकसण्यास दोन दशके किंवा अधिक काळ लागतो. येथे तो काही वर्षांवर आला होता. पन्नास वर्षांत मत असे पूर्ण उलटले. रोग विरळ तर नव्हताच, तो अधिक लवकर आणि अधिक तीव्रपणे मारीत होता.

येथे 'आमवात' या शब्दाविषयी थोडे लिहिणे भाग आहे, कारण मराठीत संधिवाती ज्वरासाठी तो पुष्कळदा वापरला जातो. माधवनिदानात आमवातास स्वतंत्र प्रकरण आहे, आणि त्याच्या लक्षणांत 'हृद्ग्रह' हा शब्द येतो. त्यावरून आमच्या पूर्वजांना हा रोग युरोपच्या हजार वर्षे आधी ठाऊक होता, असे काही उत्साही लेखक म्हणतात. ते मला मान्य नाही. 'आम' म्हणजे अपक्व अन्नरस. आमवाताची व्याप्ती त्या कल्पनेने ठरते, घशाच्या जंतूने नव्हे, आणि आज ज्यांना आपण तीनचार निरनिराळे सांध्यांचे रोग समजू ते सर्व तीत बसू शकतात. मात्र सांधे आणि हृदय यांना एकाच लक्षणसमूहात ठेवणारा शब्द येथील परंपरेत होता, एवढी नोंद अवश्य करावी.

भिन्नतेचे कारण हवामान नसेल तर कोणते? याचे उत्तर शीत कटिबंधातूनच मिळाले. इंग्लंड, डेन्मार्क व अमेरिका या देशांत संधिवाती ज्वर पेनिसिलिन प्रचारात येण्याच्या कित्येक दशके आधीपासून ओसरत होता; हवा तीच होती, बदलली ती घरे. जे. एन. मॉरिस आणि रिचर्ड टिटमस यांनी १९४२ मध्ये बालकांतील या रोगाचा दारिद्र्याशी असलेला संबंध इंग्लंडच्याच आकड्यांवरून दाखविला. न्यूझीलंडमध्ये माओरी व पॅसिफिक बेटांतील लोक, ऑस्ट्रेलियात तेथील आदिवासी, हे गौरवर्णीयांच्याच देशात राहूनही या रोगाने कितीतरी अधिक प्रमाणात मरत आले आहेत. दाटीची वस्ती, दुर्लक्षित राहिलेला घसा आणि पुनःपुन्हा होणारा संसर्ग हे त्याचे मुख्य कारण. आनुवंशिक प्रवृत्तीचा काही भाग असू शकेल. परंतु वंश न बदलताही युरोपातील मृत्यू घटले, या गोष्टीचा विसर पडू देता कामा नये.

आजच्या कोष्टकांतही शब्दांचा प्रश्न मिटलेला नाही. भाषाशास्त्रात काही रूपे अचिन्हित मानतात. गल्लीत कुत्रे फार झाले असे म्हणताना कुत्र्या वगळलेल्या नसतात. विशेष काही न सांगितल्यास जो अर्थ गृहीत धरायचा तो अचिन्हित रूपाचा. १९९० मध्ये संमत झालेल्या रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत नेमके हेच आहे. डॉक्टराने दाखल्यावर कारण न देता केवळ 'द्विदल झडपेचे आकुंचन' लिहिले, तर ते संधिवाती समजले जाते. केवळ 'महारोहिणीच्या झडपेचे आकुंचन' लिहिले, तर ते संधिवाती नाही असे समजले जाते. हा संकेत सामान्यतः योग्य असेल. पण श्रीमंत देशातील ऐंशी वर्षांच्या वृद्धेची चुना साचून ताठलेली द्विदल झडप त्यामुळे संधिवाती रकान्यात जाऊ शकते, आणि आपल्याकडील तरुणाची ज्वराने बिघडलेली महारोहिणीची झडप त्या रकान्याबाहेर राहू शकते.

'झडपांचा रोग' हे एकच शीर्षक तर अधिकच फसवे. त्याखाली दोन रोग नांदतात, आणि त्यांचा भूगोल परस्परविरुद्ध आहे. चुना साचून महारोहिणीची झडप ताठणे हा वार्धक्याचा रोग. दीर्घायुषी श्रीमंत समाजांत त्याचे मृत्यू अधिक. संधिवाती झडप हा बालपणाच्या दाटीचा रोग. त्याचे मृत्यू दक्षिण आशिया, मध्य आफ्रिका व ओशियानिया येथे. दोहोंची बेरीज करून दोन देशांची तुलना केली, तर प्रमाण सारखे दिसूनही एकीकडे आजोबा गेलेले असतील आणि दुसरीकडे तरुण आई.

२०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक अंदाजाप्रमाणे २०१५ या वर्षी संधिवाती हृद्रोगाने सुमारे ३ लाख १९ हजार माणसे मेली; त्यांपैकी सुमारे १ लाख १९ हजार भारतात. अंदाज हा शब्द येथे जाणूनबुजून योजला आहे. २००७ मध्ये मोझांबिक व कंबोडियातील शाळकरी मुलांची तपासणी प्रसिद्ध झाली. कानाला नळी लावून हजारी दोनतीन मुलांत रोग आढळला होता; ध्वनिलहरींच्या यंत्राने तपासताच तो कंबोडियात हजारी २१ व मोझांबिकमध्ये ३० मुलांत निघाला. जिवंतांची मोजणी अशी साधनागणिक दहापट बदलते, तर मृतांची मोजणी शब्दागणिक बदलते. भारतात २०२० च्या अहवालानुसार नोंदलेल्या मृत्यूंपैकी सुमारे २२ टक्क्यांनाच वैद्यकीय कारणाचा दाखला होता, आणि उरलेल्यांच्या बाबतीत घरच्यांनी सांगितलेली धाप, सूज आणि ताप यांखेरीज हाती फारसे काही राहत नाही.