ट्रंक कॉल ते ब्राउझर : आवाजाच्या वाटेची गोष्ट

तीर्थपुरी हे जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यातले मोठे गाव. समर्थ रामदासांचे जांब याच तालुक्यातले. दक्षिणेला गोदावरी वाहते आणि जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी खेळू लागल्यापासून या पट्ट्यात ऊस उभा राहिला. अशा गावाचे नाव घेऊन कुणी म्हणाले की आज आपण ‘ब्राउझरमधून थेट बोलण्याच्या तंत्राला बाजार किती’ याचा विचार करू, तर ऐकणारा हसेल. पुण्या-बंगळुरूच्या काचेच्या इमारतींत चालणारी ही चर्चा, तिचा उसाच्या फडाशी काय संबंध? पण श्रोतेहो, संबंध आहे. गावातला माणूस दूरच्या माणसाशी बोलतो तेव्हा त्या बोलण्याची वाट कुणाच्या मालकीची असते आणि तिची पट्टी कोण वसूल करतो, हा प्रश्न जुना आहे. ब्राउझर हे त्याचे अगदी अलीकडचे रूप.

मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाले ते १८८२ साली. तेव्हा तीर्थपुरी निजामाच्या राज्यात होती आणि १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत तिथेच राहिली. या मुलखात रेल्वे, तार, टेलिफोन या गोष्टी आधी राजधानीच्या सोयीने आल्या आणि मग जिल्ह्याच्या ठिकाणी झिरपल्या. स्वातंत्र्यानंतरही खेड्याच्या वाट्याला आली ती तार. तारवाला दिसला की घरात रडारड सुरू व्हायची, कारण बहुधा बातमी वाईटच असायची. ही सेवा २०१३ च्या जुलैत कायमची बंद झाली तेव्हा वर्तमानपत्रांनी हळवे लेख छापले. तारेत अक्षरागणिक नाही तरी शब्दागणिक पैसे पडत आणि लिहिता न येणाऱ्याला ती लिहून घ्यायलाही दुसऱ्याचे पाय धरावे लागत, हे त्या हळवेपणात कुणी फारसे आठवले नाही.

मग ट्रंक कॉल. ज्यांनी तो लावला आहे त्यांना सांगायला नको. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग असे त्याचे तीन दर. ज्याच्याशी बोलायचे तोच माणूस फोनवर यावा यासाठी ‘पी. पी.’ कॉलची वेगळी आकारणी. सकाळी नोंदवलेला कॉल संध्याकाळी लागे आणि लागला की तीन मिनिटांनी मधला ऑपरेटर ‘थ्री मिनिट्स’ म्हणून बोलण्यात शिरे. दोन माणसांच्या संभाषणात तिसरा माणूस कायम हजर असण्याचे ते दिवस. थेट नंबर फिरवून दूरच्या गावी बोलण्याची, म्हणजे एस.टी.डी.ची, सोय देशात प्रथम १९६० साली लखनौ आणि कानपूर यांच्यात झाली. खेड्यापर्यंत ती यायला पुढे तीन दशके लागली.

या उशिराचे कारण केवळ पैसा नव्हता. परदेशी बनावटीची एक्स्चेंजेस दहा हजार जोडण्यांच्या हिशेबाने बांधलेली, त्यांना वातानुकूलित खोली हवी. मराठवाड्यातल्या मे महिन्याच्या उन्हाला आणि विजेच्या लपंडावाला ती टिकणारी नव्हती. १९८४ साली सी-डॉट ही सरकारी संशोधन संस्था स्थापन झाली आणि सॅम पित्रोदा यांच्या पुढाकाराने तिने जे पहिले मोठे काम केले ते १२८ जोडण्यांच्या ग्रामीण एक्स्चेंजचे. एका साध्या कपाटाएवढे यंत्र, ज्याला एअर कंडिशनर लागत नाही. ते पहिल्यांदा बसवले गेले १९८६ साली, आपल्या सीमेलगतच्या बेळगाव जिल्ह्यात, राणी चेन्नम्माच्या कित्तूरला. माझ्या मते भारतीय दूरसंचाराच्या इतिहासात या कपाटाची नोंद मोबाइलच्या आधी व्हायला हवी. यंत्र कुठे वापरायचे आहे हे आधी ठरवून मग ते बांधले, असे आपल्याकडे फार वेळा घडलेले नाही.

त्यातून आले पिवळ्या पाटीचे एस.टी.डी. बूथ. रात्री अकरानंतर दर पाव होत, म्हणून अकराच्या ठोक्याला बूथसमोर रांग लागे. समोर लाल आकडे पळत असत आणि बोलणाऱ्याचे अर्धे लक्ष त्या आकड्यांवर. ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात गेलेल्या कुटुंबांना गावाकडच्या म्हाताऱ्यांची खबर याच बूथवरून मिळे. आधी निरोप द्यायचा, मग ठरल्या वेळी म्हातारीने बूथवर येऊन बसायचे. पत्रापेक्षा हे बरे, कारण पत्र वाचायला पुन्हा कुणीतरी लागे. आवाजाला अक्षरओळख लागत नाही. पुढच्या सगळ्या हिशेबात ही साधी गोष्ट लक्षात ठेवावी अशी माझी विनंती आहे.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट खुले केले. इंटरनेटवरून आवाजही पाठवता येतो हे जगाला तोवर कळले होते. सरकारलाही कळले होते, म्हणूनच आपल्याकडे त्यावर बंदी होती. परदेशी फोन हे निगमाच्या उत्पन्नाचे मोठे साधन. ते कोण सोडणार? सायबर कॅफेत कानाला हेडफोन लावून अमेरिकेतल्या मुलाशी बोलणारे आईवडील कायद्याच्या दृष्टीने गैरकृत्य करत होते! १ एप्रिल २००२ पासून इंटरनेट टेलिफोनीला परवानगी मिळाली, तीही अर्धीच. संगणकावरून संगणकावर बोला, संगणकावरून परदेशातल्या फोनवर बोला, पण देशातल्या फोन नंबरवर नाही. ती भिंत पुढे बरीच वर्षे उभी होती. २००३ साली आलेल्या स्काइपने २०१४ च्या नोव्हेंबरात भारतातून भारतातल्या फोनवर लावायचे कॉल बंद केले. २०१८ साली सरकारने इंटरनेट टेलिफोनीचा मार्ग मोकळा केला, तोही परवानाधारक कंपन्यांसाठी. त्या स्काइपनेही मे २०२५ मध्ये दुकान आवरले.

आता ब्राउझरकडे येऊ. स्काइपसारखा कार्यक्रम आधी संगणकावर उतरवून घ्यावा लागे आणि दोन्ही टोकांना तोच लागे. आवाज हाताळणारे आतले इंजिन बनवणाऱ्या कंपन्या मोजक्याच आणि त्या त्याचे पैसे घेत. मूळची स्वीडनमधली ग्लोबल आयपी सोल्युशन्स ही त्यांतली एक. २०१० साली गूगलने ती सुमारे पावणेसात कोटी डॉलरला विकत घेतली आणि पुढच्याच वर्षी ते इंजिन सर्वांना फुकट वाटून टाकले. यालाच वेबआरटीसी म्हणतात. फेब्रुवारी २०१३ मध्ये क्रोम आणि फायरफॉक्स या दोन प्रतिस्पर्धी ब्राउझरांनी एकमेकांशी व्हिडिओ कॉल करून दाखवला. अ‍ॅपलचा सफारी २०१७ साली सामील झाला आणि जानेवारी २०२१ मध्ये या तंत्राला अधिकृत जागतिक मानकाचा दर्जा मिळाला.

आत काय चालते ते थोडक्यात सांगतो. तुम्ही बोलता तो आवाज साधारण वीस मिलिसेकंदांच्या तुकड्यांत कापला जातो, दाबून लहान केला जातो, कुलूपबंद होतो आणि रवाना होतो. एखादा तुकडा वाटेत हरवला तर तो पुन्हा मागवत बसत नाहीत. उशिरा आलेला आवाज म्हणजे वरात गेल्यावर आलेला घोडा. शेजारच्या तुकड्यांवरून अंदाज करून ती फट बुजवतात. दाबण्याचे काम ओपस नावाची पद्धत करते, ती २०१२ साली ठरली. जुन्या डिजिटल टेलिफोनला एका आवाजासाठी सेकंदाला ६४ हजार बिटे लागत. ओपस त्याच्या तिसऱ्या हिश्शात अधिक स्वच्छ आवाज देते आणि नेट अगदीच मरगळले तर सहा हजारांवरही तग धरते. चित्राला मात्र काही लाख बिटे हवीत. म्हणजे शिवारात जिथे चेहरा दिसत नाही तिथेही आवाज पोचू शकतो.

खरी अडचण पत्त्याची. एका वाड्यात वीस बिऱ्हाडे आणि बाहेरच्या दारावर एकच नंबर, अशी बहुतेकांच्या इंटरनेट जोडणीची अवस्था असते. आपला बाहेरून दिसणारा पत्ता काय हे ब्राउझरला आधी बाहेरच्या एखाद्या सर्व्हरला विचारावे लागते. तरीही थेट गाठ पडली नाही तर सारे बोलणे मधल्या एका सर्व्हरवरून फिरवून न्यावे लागते. हा मधला सर्व्हर आणि त्याचे भाडे हाच या फुकटच्या तंत्रातला खर्च. बाजाराचे भाकीत करणाऱ्यांची गल्लत इथेच झाली. अमुक इतकी उपकरणे, तमुक इतके अब्ज डॉलर असे आलेख मांडले गेले, पण ज्या वस्तूला किंमतच नाही तिची उलाढाल मोजायची कशी? पैसे मिळाले ते मधले सर्व्हर, नंबरांची जोडणी आणि तयार सुविधा भाड्याने देणाऱ्यांना. त्यांचेही बस्तान डळमळीतच. या क्षेत्रातली सुरुवातीची टोकबॉक्स ही कंपनी टेलिफोनिकाकडून व्होनेजकडे गेली आणि २०२२ साली व्होनेजच एरिक्सनने घेतली. ट्विलिओने २०२३ च्या डिसेंबरात आपली व्हिडिओ सेवा गुंडाळण्याचे जाहीर केले आणि पुढच्या वर्षी तो निर्णयच फिरवला. घाऊक बाजारातही मंडळी अशीच आवक बघून पाल ठोकतात आणि उठवतात.

आपल्याकडे बाजाराची दिशा ठरली ती वेगळ्याच लढाईत. डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलने इंटरनेटवरून बोलण्यासाठी वेगळे पैसे घेण्याचे जाहीर केले. आरडाओरड झाली, काही दिवसांतच ते मागे घ्यावे लागले. फेब्रुवारी २०१६ मध्ये ट्रायने नियमच केला की डेटाचा दर त्यातून काय वाहते यावरून बदलता येणार नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात जिओ आले आणि फोनवरचे बोलणे वेगळे विकण्याची वस्तू राहिलीच नाही. एस.टी.डी. बूथसमोरची अकराची रांग ज्यांनी पाहिली आहे त्यांनाच हा बदल केवढा ते कळेल.

बोलण्याला किंमत नाही, पण त्याला वजन आहे का? कोर्ट ते मानते का, बँक मानते का, डॉक्टर मानतो का? माझ्या दृष्टीने या तंत्राचे भवितव्य इथे ठरते. या बाबतीत महाराष्ट्रातला एक खटला पायाभूत ठरला आहे. अमेरिकेतला एक डॉक्टर साक्षीदार मुंबईला यायला तयार नव्हता. त्याची साक्ष व्हिडिओवरून घ्यावी असे खालच्या न्यायालयाने म्हटले, उच्च न्यायालयाने ते नाकारले. ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई’ या प्रकरणात १ एप्रिल २००३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की आरोपीच्या समक्ष साक्ष म्हणजे एका खोलीत शारीरिक हजेरी असा अर्थ काढण्याचे कारण नाही, पडद्यावर दिसणारा आणि ऐकू येणारा साक्षीदारही समक्षच आहे. त्या वेळी अशी जोडणी लावायची तर खास स्टुडिओच हवा होता. सतरा वर्षांनी, एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत न्यायालये पडद्यावर भरवण्याचे निर्देश त्याच न्यायालयाने दिले, तेव्हा वकिलाच्या घरचा लॅपटॉप पुरला.

त्याआधी जानेवारी २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने व्हिडिओवरून ग्राहकाची ओळख पटवायला परवानगी दिली होती. मार्चमध्ये दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याची नियमावली निघाली. १३ एप्रिल २०२० पासून ई-संजीवनीवर रुग्णाला घरूनच डॉक्टरांशी बोलण्याची सोय झाली, आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत या सेवेतल्या सल्ल्यांची संख्या दहा कोटींवर गेली. योगायोग असा की त्या साथीच्या काळात राज्याचे आरोग्यमंत्री राजेश टोपे हे घनसावंगीचेच आमदार होते. तरी तज्ज्ञ डॉक्टरसाठी जालना किंवा छत्रपती संभाजीनगरची एस.टी. धरण्याची या भागाची सवय मोडली असे म्हणवत नाही. पडद्यावर सल्ला मिळतो, सोनोग्राफी मिळत नाही.

पडद्याला असे वजन आल्याचा फायदा भामट्यांनीही उचलला. ‘डिजिटल अरेस्ट’ हा काय प्रकार आहे ते आता बहुतेकांनी ऐकले असेल. व्हिडिओ कॉलवर पोलिसाचा गणवेश, मागे ठाण्याची भिंत, कधी खोटे न्यायालयसुद्धा, आणि माणसाला तासन्‌तास कॅमेऱ्यासमोर बसवून खाते रिकामे करणे. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांना आकाशवाणीवरच्या ‘मन की बात’मधून सावध करावे लागले की अशी अटक कायद्यात नाहीच. कुलूपबंद वाटेवरून कुणाचा आवाज चालला आहे ते मधल्या कुणाला ऐकू येत नाही, हे खरे. पण पलीकडे बसला आहे तो कोण, हेही ती वाट सांगत नाही. ट्रंक कॉलमधला तो आगंतुक ऑपरेटर निदान ‘जालना बोला’ म्हणून गाव तरी सांगायचा.

आणि आता पलीकडे माणूसच असेल असेही नाही. डिसेंबर २०२४ मध्ये ओपन-एआयने आपल्या बोलक्या यंत्राला थेट ब्राउझरमधून, याच वेबआरटीसीच्या वाटेने, जोडण्याची सोय केली. येत्या काही वर्षांत या तंत्राला सर्वांत मोठे गिऱ्हाईक मिळेल ते इथेच, असा माझा अंदाज आहे. २००४ साली सुरू झालेल्या किसान कॉल सेंटरवर निदान मराठी बोलणारा माणूस असतो. त्याच्या जागी यंत्र बसले तर ते तीर्थपुरीचे बोलणे ऐकेल का? ‘काय करायलास’, ‘पाणी द्यायलोय’ ही आमच्याकडची क्रियापदे पुस्तकी मराठीवर शिकलेल्या यंत्राला चुकीची वाटतील. केंद्राचे ‘भाषिणी’ अभियान २०२२ पासून भारतीय भाषांच्या आवाजांवर काम करते आहे, त्यात मराठी आहेच. पण मराठी म्हणजे कुठली मराठी, हे नोंदवून घेतलेल्या आवाजांवर ठरणार. कित्तूरच्या कपाटाने धूळ आणि ऊन आधी गृहीत धरले होते. बोलीच्या बाबतीत तसे करायचे असेल तर गोदाकाठच्या बायाबापड्यांचे, तोडीवरच्या कामगारांचे बोलणे आताच, त्यांच्या संमतीने आणि त्याचा मोबदला देऊन, नोंदवून घ्यावे लागेल. आपल्या विद्यापीठांच्या मराठी विभागांना हे काम जमण्यासारखे आहे.