कुंपणातला मेंढा: टेक्ससच्या रँचवरची एक शिकार आणि आज्जीचा एक प्रश्न

हेडफोन लावलेत ना? ज्यांना ऐकायचा कंटाळा येतो किंवा बसमध्ये आवाज ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लिखित अवतार. नेहमीसारखंच, जसं बोललो तसं ठेवलंय, फक्त 'अं...' आणि 'म्हणजे' थोडे कमी केलेत.

आजचा विषय जरा वेगळाय. गेल्या जानेवारीत मी मेंढ्याच्या शिकारीला गेलो होतो. थांबा, लगेच अनफॉलो करू नका. बंदूक माझ्या हातात नव्हती. मी ऑस्टिनला कोड लिहितो, बीटेक केलंय, आणि माझा नेम कॅरमच्या सोंगटीलासुद्धा लागत नाही. टीममधल्या एका सीनियरनं बोलावलं म्हणून गेलो. त्याच्या घरातले तिघं निघाले होते: तो, त्याचे ऐंशीच्या घरातले वडील आणि तेरा वर्षांची मुलगी. तिची पहिली शिकार. आपल्याकडे जसं मुलाला पहिल्यांदा पोहायला विहिरीवर नेतात, तसा त्या घरात हा एक कार्यक्रम असतो.

आता मी कोण, ते सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमचं गाव माण तालुक्यात, जिल्हा सातारा. माझे आजोबा मेंढपाळ. दिवाळी झाली की मेंढरं, घोडी, कोंबड्या, पोरं असा सगळा बारदाना घेऊन कोकणच्या बाजूला निघायचे. तर ज्या घरात मेंढरू म्हणजे बँक खातं होतं, त्या घरातला मी, मेंढा मारायला पैसे देऊन जाणाऱ्या माणसांच्या गाडीत मागच्या सीटवर बसलो होतो.

ठिकाण होतं टेक्ससचा हिल कंट्री नावाचा भाग, केरव्हिल गावाच्या पलीकडे. चुनखडीचे बुटके डोंगर, खुरटी झाडं, पातळ माती. खरं सांगू? पहिल्यांदा बघितलं तेव्हा दहिवडीच्या बाहेरचा माळ आठवला. फाटक आलं आणि दोन्ही बाजूंना आठ फुटी जाळीचं कुंपण सुरू झालं. साध्या गुरांच्या कुंपणाच्या दुप्पट उंच. हरणानं उडी मारू नये म्हणून एवढं.

ऑफिसमध्ये भिंतीवर एक यादी होती. हॉटेलच्या मेनूकार्डासारखी. कुठल्या प्राण्याला किती डॉलर. त्यात वाचता वाचता माझे डोळे अडकले: काळवीट, चितळ, नीलगाय. आपले! विदर्भ-मराठवाड्यात ज्याला रोही म्हणतात तो प्राणी टेक्ससच्या भिंतीवर दरासकट. आणि यादीच्या तळाशी, सगळ्यांत स्वस्त ओळींमध्ये, मेंढे.

इथून इतिहास सुरू होतो. हे सगळे प्राणी इथे आले कसे?

टेक्ससमध्ये ९० टक्क्यांहून अधिक जमीन खासगी आहे. आपल्याकडे जंगल म्हटलं की वनखातं आठवतं, तिथे जंगल म्हटलं की कुणाचं तरी फाटक. दक्षिण टेक्ससमधल्या प्रसिद्ध किंग रँचवर १९२० च्या दशकात नीलगायी आणून सोडल्या. १९३० च्या दशकात हिल कंट्रीत काळवीट आणि चितळ आले. सुरुवातीला ही हौस होती. आपले राजेरजवाडे नाही का परदेशी जनावरं पाळायचे, तसंच.

पण हौसेचा धंदा व्हायला दुष्काळ लागला. १९५० ते १९५७ अशी सात वर्षं टेक्ससमध्ये पाऊस रुसला. शेवटी राज्यातल्या २५४ काउंट्यांपैकी २४४ आपत्तीग्रस्त जाहीर झाल्या. आपल्या बहात्तरच्या दुष्काळाच्या गोष्टी घरी ऐकल्या असतील, तर चित्र डोळ्यांपुढे येईल. चारा नाही, पाणी नाही, जनावर विकावं तर घेणारा नाही. या भागातल्या वाय.ओ. रँचचा इतिहास १८८० पर्यंत मागे जातो. चार्ल्स श्राइनर नावाच्या कॅप्टननं तो उभा केला. केरव्हिलमध्ये लोकर आणि अंगोरा बकरीच्या मोहेरचा मोठा व्यापार त्यानंच वाढवला. त्याच घराण्यातल्या तिसऱ्या चार्ल्स श्राइनरनं १९५० च्या दशकात दुसरा रस्ता धरला: परदेशी प्राणी आणायचे आणि शिकाऱ्यांकडून पैसे घ्यायचे. बघता बघता आजूबाजूच्या रँचवाल्यांनी तोच रस्ता धरला.

कायद्यानंही साथ दिली. टेक्ससमध्ये हे परदेशी प्राणी 'वन्यजीव' धरले जात नाहीत, पशुधन धरले जातात. म्हणजे शिकाऱ्याकडे परवाना हवा, पण ठरावीक हंगाम नाही, किती मारायचे याची सरकारी मर्यादा नाही. स्थानिक हरणाला हंगाम आहे. आपल्या काळवीटाला तिथे नाही.

दुसरं कारण लोकरीचं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सैनिकांच्या गणवेशांना लोकर लागायची आणि टेक्ससमध्ये तेव्हा सुमारे एक कोटी मेंढ्या होत्या. युद्ध संपलं, कृत्रिम धागे आले, लोकर पडली. १९५४ मध्ये अमेरिकेनं राष्ट्रीय लोकर कायदा करून मेंढपाळांना अनुदान सुरू केलं. १९९३ मध्ये ते बंद करायचं ठरलं आणि दोनेक वर्षांत ते संपलं. आज टेक्ससमध्ये दहा लाखसुद्धा मेंढ्या नाहीत.

हे आकडे मी नंतर वाचले. त्या दिवशी ते मला एका माणसाच्या तोंडून कळले. माझ्या सीनियरचे वडील गाडीत अगदी सहज म्हणाले, "मी चाळीस वर्षं मेंढ्या ठेवल्या. अनुदान गेलं त्या वर्षी विकल्या." बस, एवढंच. मी म्हणालो, माझ्या आजोबांकडेही मेंढ्या होत्या. त्यांनी मान वळवून पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "किती?" मी म्हणालो, "दीडशे." पुढचा अर्धा तास आम्ही मेंढ्यांच्या खुरांच्या रोगावर बोललो. माझी जीभ अडखळत होती, कारण ते सगळे शब्द मला फक्त मराठीत येतात.

बरं, आता मेंढा. ज्या मेंढ्यासाठी गेलो होतो त्याला तिथे 'कॉर्सिकन' म्हणतात. लालसर-तपकिरी अंग, काळं पोट, मानेखाली आयाळ आणि पूर्ण गोल फिरलेली शिंगं. बघितलं की वाटतं, हिमालयातलं काहीतरी रानटी जनावर आहे. पण याची वंशावळ ऐका.

साधारण दहा हजार वर्षांपूर्वी आजच्या तुर्कस्तान-इराणच्या डोंगराळ पट्ट्यात माणसानं रानमेंढी माणसाळवली. तिथून मेंढ्या युरोपकडे सरकल्या. सुमारे सात हजार वर्षांपूर्वी शेतकरी लोक त्या होडीतून भूमध्य समुद्रातल्या कॉर्सिका आणि सार्डिनिया बेटांवर घेऊन गेले. काही डोंगरात पळाल्या आणि पुन्हा रानटी झाल्या. तेच मूफ्लॉन. पुढे हे मूफ्लॉन अमेरिकेत आले. तिकडे १९०४ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यानं कॅरेबियनमधल्या बार्बाडोस बेटावरून काळ्या पोटाच्या मेंढ्या आणल्या होत्या. त्यांच्या अंगावर लोकर नसते, केस असतात. टेक्ससच्या रँचवाल्यांनी या मेंढ्या, मूफ्लॉन आणि काही लोकरीच्या जाती यांचा संकर केला. हेतू एकच: शिंगं मोठी हवीत. म्हणजे आमच्या भाषेत सांगायचं तर घरच्या मेंढीची एक शाखा वेगळी झाली, सात हजार वर्षं रानात राहिली, मग पुन्हा मेन ब्रँचमध्ये मर्ज केली, आणि रिलीज नोटमध्ये लिहिलं 'रानटी'.

शिकार कशी झाली? पहाटे एका लाकडी खोक्यात बसलो. त्याला तिथे ब्लाइंड म्हणतात, आपलं मचाण जमिनीवर ठेवल्यासारखं. समोर तीन पायांवर पिंप, त्याला टायमर. ठरल्या वेळी घर्र आवाज आणि मका चारी दिशांना उडतो. साक्षात क्रॉन जॉब. पाच मिनिटांत मेंढ्या आल्या. पण मोठा मेंढा सतत दुसऱ्या मेंढीच्या मागेपुढे राहिला आणि पोरीनं गोळी झाडली नाही. बाप काही बोलला नाही. आजोबा हळूच म्हणाले, "बरोबर केलंस."

दुपारी चालत निघालो. दोन तास, वाऱ्याची दिशा बघत, काट्यांतून. मेंढ्यांनी आम्हाला तीनदा चकवलं. चौथ्यांदा तो मेंढा एकटा, आडवा उभा राहिला. एकच आवाज. तो दहा पावलं चालला आणि बसला.

पोरगी रडली नाही, हसलीही नाही. तिचे हात थरथरत होते. आजोबा गुडघ्यावर बसले, मेंढ्याच्या डोक्यावर हात ठेवला, आणि अंगठ्यानं त्याचा ओठ वर करून दात बघितले. आठही दात पूर्ण. मंडळी, मी तिथेच गार झालो. माझे आजोबा बाजारात अगदी असाच अंगठा लावायचे. दोनदाती, चारदाती, सहादाती. शिंगांचा फोटो बाकीचे काढत होते, पण म्हातारा माणूस दात बघत होता.

रात्री आज्जीला फोन केला. सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "आरं, पर कुंपान व्हतं न्हवं?"

"होतं, आज्जे."

"आन् खायाला मका घालत्यात?"

"हो."

"मग शिकार कशाची रं ती? वाड्यातलं बकरं कापलं म्हन की."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिथून आजचा भाग सुरू झाला.

कारण 'शिकार' हा शब्द कुणाच्या वाट्याला येतो, हा इतिहासातला मोठा प्रश्न आहे. कोल्हापूर संस्थानात माणसाळलेले चित्ते सोडून काळवीट धरायचे. इथले चित्ते मिळेनासे झाले तेव्हा आफ्रिकेतून आणले. त्याला शिकार म्हणायचे, त्याचे फोटो निघायचे. त्याच माळावर फासे लावून काळवीट धरणारा फासेपारधी मात्र १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या चौकटीत जन्मानंच गुन्हेगार ठरला. तो शिक्का कागदावरून पुसायला १९५२ उजाडलं. मग १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि काळवीट वाचवण्यासाठी शिकारीचा दरवाजा सगळ्यांनाच बंद झाला. ते गरजेचंच होतं. पण ज्याचं पोट त्यावर होतं, त्याला बदल्यात काय मिळालं? फारसं काही नाही. जनावर तेच. राजाच्या हातून मेलं तर शिकार, पारध्याच्या हातून मेलं तर गुन्हा, आणि टेक्ससमध्ये पावती फाडली तर वीकेंडचा कार्यक्रम.

मला आज्जीचं सगळं पटलं का? पूर्ण नाही. कारण कुंपणाची दुसरीही बाजू आहे. फाळणीनंतर पाकिस्तानात काळवीट जवळपास संपले होते. १९७० मध्ये तिथल्या लाल सुहांरा उद्यानासाठी दहा काळवीट पाठवले गेले, ते टेक्ससमधून. म्हणजे आपल्या माळावरचं जनावर अमेरिकेत जगलं आणि तिथून शेजारी परतलं. विकण्यासाठी ठेवलेला कळप बीजभांडवल झाला.

आणि कुंपण नसलं की काय होतं? पश्चिम टेक्ससच्या डोंगरांत बिगहॉर्न नावाची तिथली मूळची रानमेंढी होती. बेसुमार शिकार आणि पाळीव मेंढ्यांकडून आलेले रोग यांनी ती १९६० च्या आसपास राज्यातून नाहीशी झाली. १९०३ मध्येच बंदी घातली होती, तरी. मग दुसऱ्या राज्यांतून आणून कित्येक वर्षं चिकाटीनं ती पुन्हा वसवली. पण दरम्यान, १९५७-५८ मध्ये, पालो ड्युरो दरीत शिकारीसाठी उत्तर आफ्रिकेतला औदाद हा मेंढ्यासारखा प्राणी मोकळा सोडला होता. तो पसरला, फोफावला, आणि आता त्याच्याकडून न्यूमोनियाचे जंतू बिगहॉर्नपर्यंत पोचतात. म्हणून २०२४ च्या डिसेंबरमध्ये काही बिगहॉर्न एल पासोजवळच्या फ्रँकलिन डोंगरात हलवले, जिथे औदाद नाहीत. एका पिढीची हौस, पुढच्या तीन पिढ्यांचं बग फिक्सिंग.

तर आज्जीला मी काय सांगितलं? दोन आठवड्यांनी पुन्हा फोन केला. म्हणालो, तू म्हणतेस ते खरं, ते मेंढरूच होतं. मटण तिघांनी वाटून घेतलं, मलाही दोन किलो दिलं, मी तिखट घालून रस्सा केला, थोडं चिवट होतं. ती हसली. मग तिनं विचारलं, "लोकर किती निघायची त्याची?"

मी म्हणालो, "त्याला लोकरच नाही आज्जे. केस असतात. तिथं लोकरीला भाव नाही म्हणून शिंगं वाढवली."

ती थोडा वेळ गप्प राहिली. आमच्या भागात दख्खनी मेंढीची काळी लोकर आता कातरून बांधावर टाकून देतात. घोंगडी विणणारी घरं बोटांवर मोजण्याइतकी राहिली. मेंढरू उरलं ते मटणाच्या भावावर.

"मजी तिथंबी तसंच की," ती म्हणाली. "म्हाताऱ्याला इचार, मेंढरं इकली त्या राती झोप लागली का."

मी विचारलं. सोमवारी, सीनियरच्या फोनवरून. म्हातारा बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "तुझ्या आजीला सांग, नाही लागली."

बस मंडळी, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या घरात कुणी मेंढरं, गुरं, शेळ्या विकल्याची गोष्ट असेल, तर घरच्या म्हाताऱ्या माणसाला विचारा आणि फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. भेटू पुढच्या भागात.