ब्रँड व्हिजन म्हणजे नेमकं काय? म्हसवडच्या बायकांच्या बँकेकडे बघा

नवा व्यवसाय सुरू करायचा म्हटलं की आपण आधी काय करतो? इन्स्टाग्रामवर पेज उघडतो. मग लोगो, मग टॅगलाइन. 'ब्रँड व्हिजन हवं' असं कोणीतरी सांगतं, तेव्हा बायोमध्ये एक छानशी ओळ टाकून मोकळे होतो.

पण व्हिजन म्हणजे ती ओळ नाही. हा धंदा कोणासाठी आहे आणि त्या माणसाची कोणती अडचण सोडवायची आहे, याचं पक्कं उत्तर म्हणजे व्हिजन. ते असलं की निर्णय घेताना कसा फरक पडतो, हे सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडमध्ये बघायला मिळतं.

सुरुवात एका ताडपत्रीपासून

म्हसवड हे दुष्काळी माण तालुक्यातलं गाव. रस्त्याकडेला राहून लोहारकाम करणाऱ्या एका बाईला पावसाळ्याआधी घरावर टाकायला ताडपत्री घ्यायची होती. त्यासाठी रोज थोडे पैसे साठवायचे, म्हणून ती बँकेत गेली. रक्कम फारच लहान, म्हणून बँकेने खातं उघडायला नकार दिला. तिने कर्ज मागितलं नव्हतं, हे लक्षात घ्या. तिला स्वतःचेच पैसे ठेवायचे होते!

हे ऐकून चेतना गाला सिन्हा यांनी बायकांची बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज फेटाळला, कारण प्रवर्तक बायका निरक्षर होत्या, अर्जावर अंगठे होते. बायका लिहा-वाचायला शिकू लागल्या आणि काही महिन्यांनी पुन्हा अधिकाऱ्यांसमोर गेल्या. आम्हाला कोणत्याही रकमेचं व्याज काढायला सांगा, तुमच्या अधिकाऱ्यांनीही ते कॅल्क्युलेटरशिवाय काढावं, असं त्यांचं म्हणणं होतं. परवाना मिळाला आणि १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

मग व्हिजनचा उपयोग कुठे झाला?

बँक उघडली, पण बँकेत यायचं तर दिवसाची मजुरी बुडते, असं बायकांनी सांगितलं. दुसऱ्या एखाद्या बँकेने वेळ वाढवली असती किंवा पोस्टर लावलं असतं. इथे 'कोणासाठी' हे ठरलेलं होतं, त्यामुळे बँकच बायकांच्या दारात जाऊ लागली. पुढे २००६ मध्ये उद्योग शिकवणारी 'उद्योगिनी' शाळा आली, नंतर गावोगाव जाणारी बसही.

खरी परीक्षा दुष्काळात झाली. २०१२ च्या सुमारास जनावरांच्या चाऱ्यासाठी एक बाई सोनं गहाण टाकायला आली. बँकेच्या दृष्टीने सोनेतारण हा सगळ्यात सुरक्षित व्यवहार. पण चारा-पाणीच नसेल तर त्या कर्जाचं ती करणार काय? शेवटी म्हसवडमध्ये चारा छावणी उभी राहिली. वसुलीचा तक्ता बघून कोणी असा निर्णय घेतला नसता.

हे बँकेपुरतंच आहे असं नाही. १९५९ मध्ये मुंबईच्या गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला. पापड लाटणारी बाई इथे नोकर नाही, मालक आहे, हे त्यांचं व्हिजन. म्हणून मागणी वाढली तेव्हा लाटायला आणखी हात जोडले गेले, हातांची जागा यंत्राला दिली गेली नाही.

(आता प्रामाणिकपणे सांगायचं तर फक्त व्हिजनवर धंदा चालत नाही. हिशेब चुकला की दुकान बंदच होतं. म्हसवडच्या बायकांना व्याज तोंडी काढता येत होतं, हे विसरू नका.)

पुढे डिजिटल व्यवहार आले, तेव्हा बायकांसाठी पिन नंबर ठेवायचा विचार झाला. बायकाच नको म्हणाल्या. पिन कोणाला कळला तर पैसे जाणार! त्यापेक्षा बोटाचा ठसा बरा, तो कोणी चोरू शकत नाही. मग बँकेने बायोमेट्रिक पद्धत आणली. ज्या अंगठ्यामुळे एकदा परवाना नाकारला गेला होता, त्याच अंगठ्याने आता खातं उघडतं.