घरगुती बागेतील लेट्यूसची लागवड

लेट्यूस (शास्त्रीय नाव: लॅक्टुका सटायव्हा) ही सूर्यफुलाच्या कुलातील वर्षायू पालेभाजी आहे. तिची पाने मुख्यत्वे कच्ची खाल्ली जातात. पाने व खोड तोडल्यास पांढरा चीक निघतो. ‘लॅक्टुका’ हे नाव दूध या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आले आहे. घरगुती बागेत गड्डा न धरणारे, सुट्या पानांचे वाण तुलनेने सोपे असतात.

बियांची उगवण

उगवणीस १५ ते २० अंश सेल्सियस तापमान मानवते. माती सुमारे ३० अंशांहून अधिक तापल्यास अनेक वाणांचे बी ओल असूनही उगवत नाही; ते सुप्तावस्थेत जाऊ शकते. त्यामुळे उगवण न होण्याचे कारण नेहमी निकृष्ट बियाणे हेच नसते. अनेक वाणांना उगवणीसाठी प्रकाशही लागतो. १९५२ मध्ये अमेरिकेत हॅरी बॉर्थविक, स्टर्लिंग हेंड्रिक्स व सहकाऱ्यांनी ‘ग्रँड रॅपिड्स’ या वाणावर प्रयोग केले. लाल प्रकाशाने बी उगवते आणि त्यानंतर लगेच अतिलाल प्रकाश दिल्यास उगवण रोखली जाते, असे त्यांना आढळले. या संशोधनातून पुढे फायटोक्रोम या वनस्पतीतील रंगद्रव्याचा शोध लागला.

पेरणी व पुनर्लागवड

महाराष्ट्राच्या पठारी भागात ऑक्टोबरअखेर ते डिसेंबर हा काळ पेरणीस योग्य असतो. भुसभुशीत माती व चाळलेले शेणखत यांच्या मिश्रणावर बी पसरून त्यावर मातीचा अगदी पातळ थर देतात. बी वाहून जाऊ नये म्हणून बारीक छिद्रांच्या झारीने पाणी घालतात. ऊन कडक असल्यास उगवण होईपर्यंत कुंडी थंड पण उजेडाच्या जागी ठेवतात. पाणी साचल्यास कोवळी रोपे बुरशीमुळे बुडाशी कुजून कोलमडतात. चार-पाच पाने आल्यावर रोपे २० ते ३० सेंटिमीटर अंतरावर सायंकाळी लावतात.

काढणी

बाहेरची पाने खुडून मधला कोंब राखल्यास नवी पाने येत राहतात. उष्णता व दिवसाची लांबी वाढली की फुलाचा दांडा निघतो आणि पाने कडू होतात. फुलांत प्रामुख्याने स्वपरागण होत असल्याने असे एखादे झाड राखून पुढील हंगामासाठी बी धरता येते. संकरित वाणांचे गुण मात्र पुढील पिढीत टिकतीलच असे नाही.