रोहिंग्या बायकांचे अंगठे आणि छोटा गांबिया

एका गटातून प्रश्न आला होता, "ताई, जगात एवढे मुस्लिम देश आहेत. रोहिंग्यांवर एवढं संकट आलं, तेव्हा त्यांनी काय केलं?" आज त्याबद्दलच बोलू.

ऑगस्ट २०१७. म्यानमारमध्ये एका सशस्त्र रोहिंग्या गटाने पोलीस चौक्यांवर हल्ले केले. मग लष्कराने रोहिंग्यांची गावंच्या गावं जाळली, माणसं मारली, बायकांवर अत्याचार केले. काही महिन्यांत सात लाखांहून जास्त लोक बांगलादेशात कॉक्स बाजारला पोचले. सुरुवातीला त्यांना भात आणि आसरा दिला तो तिथल्या गरीब गावकऱ्यांनी.

मुस्लिम देशांची ५७ सदस्यांची एक संघटना आहे, इस्लामी सहकार्य संघटना. तिने निषेधाचे ठराव केले. तुर्कस्तान, मलेशिया, इंडोनेशियाने धान्य, औषधं पाठवली. पण गुन्हेगाराला कोर्टात कोण खेचणार?

हे काम आधी छावणीतल्या बायकांनी केलं. 'शांती महिला' नावाचा त्यांचा गट आहे. २०१८ मध्ये सुमारे ४०० बायका-मुलांच्या वतीने हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात अर्ज गेला. त्यावर सह्या कमी आणि अंगठे जास्त होते. अंगठ्याची किंमत आपल्याला वेगळी सांगायला नको.

त्याच वर्षी गांबियाचे कायदामंत्री अबुबकर तंबादू छावणीत आले. आफ्रिकेतला हा देश इतका चिंचोळा, की नकाशात शोधावा लागतो. तंबादूंनी आधी रवांडाच्या वंशसंहाराच्या खटल्यांत काम केलं होतं. छावणीतल्या हकिकती ऐकून त्यांना रवांडाच आठवलं. १९४८ च्या करारानुसार एक देश दुसऱ्यावर वंशसंहाराचा दावा लावू शकतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये संघटनेच्या पाठिंब्याने गांबियाने तो हेगच्याच आंतरराष्ट्रीय न्यायालयात लावला. खर्चासाठी सदस्यांकडे वर्गणी मागितली गेली.

पण सगळीकडे असं झालं नाही. त्याच वर्षी जुलैत चीनमधल्या उइगुर मुस्लिमांच्या छळाबद्दल २२ देशांनी चीनवर टीका करणारं पत्र लिहिलं. त्यात एकही मुस्लिमबहुल देश नव्हता. उलट चीनची बाजू घेणाऱ्या ३७ देशांच्या पत्रावर सौदी अरेबिया आणि पाकिस्तानच्या सह्या होत्या. कुणाचा व्यापार, कुणाचं कर्ज. सावकाराच्या दारात तोंड उघडत नाही, तसंच हे, असं मला वाटतं.

डिसेंबरात हेगला सुनावणी झाली. आँग सान सू ची स्वतः उभ्या राहिल्या आणि वंशसंहाराचा आरोप त्यांनी नाकारला. गांबियाच्या बाजूने छावणीतल्या दोन बायकाही तिथे गेल्या होत्या. २३ जानेवारी २०२० ला न्यायाधीशांनी एकमताने म्यानमारला बजावलं, उरलेल्या रोहिंग्यांचं रक्षण करा. पुढे २२ जुलै २०२२ ला म्यानमारचे आक्षेपही फेटाळले. गांबियाचं स्वतःचं काही नुकसान झालेलं नाही, मग त्याचा काय संबंध, हा त्यातला एक आक्षेप होता.